बेदाणे, आकडे आणि साबुदाण्याची खिचडी

भाची आठवीत आहे. तिच्या सायन्सचं खातं शनिवार-रविवार माझ्याकडे असतं. (मामा इंजिनियर असण्याचे तोटे!) परवाचा धडा होता परासरण, म्हणजे आपलं ऑस्मॉसिस. व्याख्या तोंडपाठ, डोक्यात मात्र काही नाही. म्हणून वाटीभर पाण्यात बेदाणे टाकले. काही तासांत ते टम्म फुगले. मग तेच साखरेच्या घट्ट पाकात टाकले, तर परत सुरकुतले. साल पाणी जाऊ देतं, साखर अडवतं आणि पाणी जिकडे साखर जास्त तिकडे धावतं. एवढंच!

खरी गंमत जेवताना झाली. तिच्या धाकट्या भावाने वर्गातल्या नव्या मुलाच्या डब्याला 'बाहेरचं खाणं' म्हणून नाक मुरडलं होतं. घरात संकष्टीची खिचडी होती. म्हटलं, "ही कोणाची रे?"

"आपली!"

मग हिशेब मांडला. मिरची, शेंगदाणे, बटाटा आणि ज्याच्यापासून साबुदाणा करतात तो टॅपिओका, चारही मूळचे अमेरिका खंडातले. 'बटाटा' हा शब्दसुद्धा पोर्तुगीज. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरला, त्याआधी आपल्याकडे मिरची कोणी चाखलेलीच नव्हती. साहेब गप्प.

भाची म्हणाली, "म्हणजे कल्चरचं पण ऑस्मॉसिस?"

बरोबर, पण अर्धंच. आपले आकडे बगदादला गेले. नवव्या शतकात अल-ख्वारिझ्मीने त्यावर पुस्तक लिहिलं आणि त्याच्याच नावावरून माझ्या रोजीरोटीतला 'अल्गोरिदम' हा शब्द आला. १२०२ मध्ये फिबोनाचीने ते आकडे युरोपला समजावून दिले. तिथेही अडवणारं साल होतंच. फ्लॉरेन्समधल्या सराफांच्या संघाने १२९९ मध्ये हिशेबाच्या वहीत हे आकडे लिहायला बंदी घातली. तरी ते झिरपलेच.

फरक पुढे आहे. बेदाण्यात गेलेलं पाणी वाटीतून कमी होतं. आकडे युरोपला गेले म्हणून आपल्याकडचे संपले नाहीत, आणि मिरची इथे आली म्हणून मेक्सिकोचं जेवण अळणी झालं नाही. "मग लोक भांडतात कशाला?" भाचीने विचारलं. मला वाटतं, आपल्याकडचं काहीतरी कमी होईल, ही भीती असते.

असो. परीक्षेत व्याख्या पुस्तकातलीच लिहायची, असं तिला बजावलंय. धाकट्याला वेगळा होमवर्क दिलाय. त्या नव्या मुलाच्या डब्यातला एक घास खायचा, पदार्थाचं नाव विचारायचं, आणि आपल्यातला एक त्याला द्यायचा.