चौथे नाव

आमच्या कुलवृत्तांताच्या पहिल्या आवृत्तीत आजोबांना तीन पुत्र असल्याचे छापले आहे. वस्तुतः ते चार होते. चौथे, म्हणजे आमचे धाकटे काका, १९५८ साली ख्रिस्ती झाले आणि आजोबांनी घरच्या वंशावळीतून त्यांचे नाव खोडले. १९९१ मध्ये वृत्तांताचे संपादन आमच्याकडे आले, तेव्हा ते नाव पुन्हा लिहिण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. होळकरांच्या पदरी आलेल्या घराण्याची लाज राखली, अशी मनाची समजूत घातली. काका मात्र इंदुरातच, आमच्या घरापासून दोन मैलांवर राहत होते.

२००१ मध्ये त्यांच्या आजारपणाचे कानी आले, म्हणून गेलो. “अरे, ये, बैस,” म्हणून त्यांनी काकूंना चहा टाकायला सांगितले. वृत्तांताचा विषय काढला नाही. उशाशी पवित्र शास्त्र होते आणि योनाच्या पुस्तकाशी खूण घातलेली होती. हे पुस्तक अवघे चार अध्यायांचे. आम्हांला त्यातला मासा तेवढा माहीत होता. काकांना माशाचे फारसे अगत्य नव्हते.

ते सांगू लागले. देव योनाला पूर्वेस निनवेला जा म्हणतो आणि हा गृहस्थ याफो बंदरात उतरून, भाडे भरून, तार्शीशच्या गलबतात बसतो. लोकांना वाटते, भ्याला. कारण तो स्वतःच चौथ्या अध्यायात सांगतो: देव दयाळू आहे, शत्रूच्या त्या नगरालाही क्षमा करील, हे त्याला आधीच ठाऊक होते, आणि नेमके तेच त्याला नको होते.

“मीही तसाच पळालो,” काका म्हणाले. “आई अंथरुणाला खिळलेली असताना घर सोडले. ती गेली तेव्हा मी रतलामला होतो. पुढे देवळाची पायरी चढवेना. शिक्षा सोसली असती रे. कोणी क्षमा केली म्हणेल, याचीच धास्ती होती.” विषमज्वराने मिशनच्या दवाखान्यात पडले असता एका वृद्ध कंपाउंडरने त्यांना वधस्तंभावरून मारेकऱ्यांसाठीच क्षमा मागणाऱ्या ख्रिस्ताची कथा सांगितली. “मी मागण्याआधीच दिलेली होती. मग पळायचे कुठे?”

कर्मफळाच्या हिशेबात वाढलेल्या आमच्या मनाला ही सूट अद्यापि पुरती पचलेली नाही. पण चाळीसहून अधिक वर्षे खोडलेला तो माणूस आमच्या बशीत बिस्किटे ठेवत होता. नाव आम्हीच वगळले, हे अखेर आमच्या तोंडून निघाले.

“ठाऊक आहे मला,” ते म्हणाले आणि शेवटचे पान काढले. निनवे वाचले म्हणून रुसलेला योना नगराबाहेर बसला आहे. सावलीचा वेल सुकला म्हणून हळहळतो आहे. देव त्याला विचारतो की, उजवाडावा हात न कळणाऱ्या एक लाख वीस हजारांवर माणसांची आणि गुराढोरांची दया मला का येऊ नये. पुस्तक तेथेच थांबते.

“योना काय म्हणाला असेल रे?” काकांनी विचारले. आम्ही निवलेला चहा घेतला.

२००३ च्या श्रावणात ते गेले. दुसऱ्या आवृत्तीत आजोबांना चार पुत्र आहेत. दोन आप्तांनी आपापल्या प्रती टपालाने परत पाठवल्या; त्या आमच्या कपाटात आहेत.