वरून की खालून?

मैत्रिणींनो, मोबाईलवरचा नकाशा बघताना तुम्ही फोन गोल गोल फिरवता का? मी फिरवते. आणि आमचे 'हे' हसतात. "अगं, नकाशात उत्तर दिशा वरच असते!" असते ना. पण आपण दक्षिणेकडे तोंड करून चाललो की नकाशातलं उजवं आपलं डावं होतं. भाजीच्या पिशव्या सांभाळत तो हिशेब कोणी करायचा?

गेल्या पावसाळ्यात मात्र या नकाशानं मला रडवलं. आई नाशिकला भावाकडे असते. भल्या पहाटे त्याचा फोन आला. आईच्या छातीत दुखतंय, द्वारका चौकाजवळच्या दवाखान्यात नेलंय. हे दौऱ्यावर. मीच कल्याणहून गाडी काढली; शेजारी धाकट्या जाऊबाई, हातात फोन घेऊन. भावाचे फोन सारखे येत होते, म्हणून नकाशाची बडबड बंद केली आणि नुसती निळी रेघ बघत निघालो. त्या सपाट नकाशात कसारा घाट म्हणजे बोटभर शेवयांचा गुंता! चढ दिसत नाही, की धुकं. "आलंच हो आता," असं जाऊबाई शहापूरपासून म्हणत होत्या.

नाशिकात शिरलो. रेघ सरळ, बाण सरळ. समोर उड्डाणपूल, तोही सरळच. मी गाडी वर घातली. मुंबई नाका मागे पडला आणि जाऊबाई ओरडल्या, "ताई, थांबा, द्वारका आली!" आली होती खरी, पण आमच्या पायाखाली! नकाशात पूल आणि त्याखालचा रस्ता एकावर एक, मिळून एकच रेघ. गाडी वर आहे की खाली, हे फोनलाही धड उमगत नाही. आडगावच्या दिशेला उतरून, वळून, गर्दीतून परत येईपर्यंत अर्धा तास गेला. तोवर आईला आत नेलं होतं. जाताना ती दाराकडे बघत होती म्हणे.

आई सुखरूप आहे हो. पण ते 'म्हणे' अजून टोचतं.

दवाखान्याच्या बाकावर भाच्यानं मला शिकवलं. दोन बोटं काचेवर ठेवून वर सरकवली की नकाशा कलतो आणि इमारती उभ्या राहतात. वा! कोपऱ्यावरची उंच इमारत ओळखायची नि वळायचं, हे मला झकास जमतं. फोनही फिरवावा लागत नाही, आपण जिकडे निघालो तीच बाजू वर येते. पण त्यातही खोट आहेच. लांबचं बारीक दिसतं, त्यामुळे अंतराचा अंदाज चुकतो. उंच इमारतीमागची गल्ली झाकली जाते. म्हणून घरून निघताना मी सपाट नकाशाच बघते, सगळा रस्ता एका नजरेत येतो. वळणं जवळ आली की कलता. आणि गंमत बघा, माझ्या फोनमध्ये इमारती उभ्या राहिल्या तरी तो पूल मात्र जमिनीलाच चिकटलेला!

परवा आईला भेटायला निघाले, तेव्हा आधी वहिनीला फोन केला. "इंदिरानगरला येताना वरून की खालून गं?"

"खालून या, वन्सं," ती म्हणाली. "आणि सावकाश या. आई आत्तापासून दारात खुर्ची टाकून बसल्यात."