त्र्याहत्तर सालचा श्रेष्ठ मल्ल

स्मरणिकेसाठी आमच्या तुकडीने काही लिहून द्यावे, असा शाळेचा निरोप आला. वसतिगृहाची घंटा, पहाटेची वंदना, आमटीतले पाणी आणि गुरुजींची छडी हे विषय इतर तुकड्यांनी आधीच पळवले असणार, याविषयी आम्हांला शंका नव्हती. म्हणून ज्या विषयावर आम्ही जवळजवळ पन्नास वर्षे भांडत आलो, तोच विषय घेण्याचे ठरले. 1973 सालचा महाराष्ट्रातील श्रेष्ठ मल्ल कोण, लक्ष्मण वडार की दादू चौगुले?

कोल्हापुरात वाढणाऱ्या मुलाला असला प्रश्न कोणी शिकवावा लागत नाही. आमच्यापैकी एकानेही तालमीत नाव घातले नव्हते. ते शक्यही नव्हते. पैलवानाला रोज दूध, तूप, बदामाची थंडाई लागते, आणि आमच्या ताटात जोंधळ्याची भाकरी व आमटी असे. तरी रविवारी सुट्टी मिळाली की पाय खासबागेकडे वळत. मैदानात कुस्ती नसली तरी आम्ही वरच्या कडेला बसून खालच्या रिकाम्या हौद्याकडे पाहत असू. त्या लाल मातीत हळद, तेल, लिंबू, ताक मुरवलेले असते, हे आम्हांला ठाऊक होते. ठाऊक नसलेलेही बरेच आम्ही एकमेकांना ठासून सांगत होतो. शाहू महाराज 1902 साली विलायतेला गेले, त्या प्रवासात त्यांनी रोमचे जुने प्रेक्षागार पाहिले आणि पुढे 1912 साली हे मैदान उभे राहिले. त्याच 1902 साली त्यांनी संस्थानातील नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी शेकडा 50 जागा राखून ठेवल्या. आमच्या घरांतून महाराजांचे नाव घेतले जाई ते या दुसऱ्या गोष्टीसाठी. मैदानाची गोष्ट आम्ही आमच्या हौसेने तिला जोडून घेतली होती.

1974 हे महाराजांचे जन्मशताब्दीचे वर्ष. माणगावच्या 1920 सालच्या परिषदेत त्यांनी बाबासाहेबांना समाजासमोर नेते म्हणून उभे केले, हे आम्ही पहिलीपासून ऐकत आलो होतो. तेव्हा शताब्दी आपल्या शाळेत साजरी होणार हे उघडच होते. पावसाळी सत्र सुरू होताच वादविवाद स्पर्धा जाहीर झाली. विषय विद्यार्थ्यांनी सुचवायचे होते. नववीच्या वर्गाने वरचा विषय चिठ्ठीवर लिहून दिला आणि शिक्षकांच्या खोलीत त्यावर बरीच चर्चा झाली, असे आमच्या कानी आले. बौद्ध शाळेत कुस्तीवर वाद कशाला, असे एका शिक्षकांचे म्हणणे पडले. आमचे मराठीचे गुरुजी मात्र म्हणाले, "ललितविस्तरात सिद्धार्थ कुमाराने शाक्य तरुणांबरोबर मल्लयुद्ध केल्याचे वर्णन आहे. भगवंतांचे महापरिनिर्वाण झाले ते कुशिनारा मल्लांचेच नगर. मुलांना भांडू द्या." विषय मंजूर झाला आणि परीक्षकपद गुरुजींच्याच गळ्यात पडले.

दादू चौगुले यांच्या बाजूने आम्ही चौघे होतो. लक्ष्मण वडार यांच्या बाजूने एकटा आमचा एक वर्गबंधू उभा राहिला. त्याचे आईवडील खाणीवर दगड फोडत. तो आडव्या बांध्याचा, अबोल मुलगा होता. त्याच्यासोबत आणखी दोघांची नावे होती, पण आयत्या वेळी त्यांचे घसे बसले. निलंग्याकडचा एक मुलगा हरिश्चंद्र बिराजदार यांचे नाव घेऊन मध्ये पडू पाहत होता. बिराजदारांचा महाराष्ट्र केसरी किताब 1969 सालचा, म्हणून त्याला कोणी उभे राहू दिले नाही. तो बिचारा शेवटपर्यंत मागच्या रांगेतून कुरकुरत राहिला.

आमच्याकडे माल भरपूर होता. अर्जुनवाड्याचे दादू चौगुले म्हणजे मोतीबाग तालमीचा अभिमान. पाठीशी गणपतराव आंदळकरांसारखे वस्ताद. 1970 साली पुण्यात आणि 1971 साली अलिबागला, असे लागोपाठ दोन वेळा महाराष्ट्र केसरी. वर रुस्तुम-ए-हिंद. आणि सर्वांवर कळस म्हणजे न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत मिळवलेले रौप्यपदक. ती बातमी कापून आम्ही वहीत चिकटवली होती. न्यूझीलंड नकाशात शोधताना भूगोलाचे पुस्तक फाटले, तेही आम्ही अभिमानाने सांगितले.

आमच्या वर्गबंधूची मांडणी मात्र दोन वाक्यांत संपली. 1972 चा महाराष्ट्र केसरी लक्ष्मण वडार, तोही इथे कोल्हापुरात. 1973 चा महाराष्ट्र केसरी पुन्हा लक्ष्मण वडार, अकोल्यात. एवढे बोलून तो खाली बसला आणि सभागृहात थोडी चुळबूळ झाली, कारण विषय 1973 चा होता आणि त्या साली किताब कोणाकडे होता, हे त्याने सांगून टाकले होते.

येथे आम्हांला वकिली करावी लागली. क्राइस्टचर्चची स्पर्धा 24 जानेवारी ते 2 फेब्रुवारी 1974 या काळातली. म्हणजे पदक चौऱ्याहत्तरच्या खात्यात जाते. आम्ही म्हणालो की पदक हे फळ आहे. झाड त्र्याहत्तरमध्ये वाढले. जोर-बैठका, मेहनत, घाम सारे त्र्याहत्तरचे. टाळ्या पडल्या. तो पुन्हा उठला आणि शांतपणे म्हणाला, "मग बहात्तरची मेहनत त्र्याहत्तरच्या किताबात धरा, आणि एकाहत्तरची बहात्तरच्या. असं धरत गेलं तर सगळी वर्षं एकच हुतील." त्यालाही टाळ्या पडल्या. आम्ही मनातून हादरलो.

वर्ष कोठे सुरू होते आणि कोठे संपते, हा वाद आज पोरकट वाटेल, पण आमच्या नातवंडांनी तो पुन्हा उकरून काढला आहे. 2023 च्या जानेवारीत पुण्यात शिवराज राक्षे महाराष्ट्र केसरी झाले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात फुलगावला सिकंदर शेख यांनी त्याच राक्षे यांना हरवून गदा घेतली. जानेवारीच्या स्पर्धेत सिकंदर हे महेंद्र गायकवाड यांच्याकडून हरले होते आणि त्या लढतीत दिलेल्या चार गुणांवरून राज्यभर रण माजले होते. मग 2023 चा श्रेष्ठ कोण? सिकंदर हे आपल्या गंगावेश तालमीचे, म्हणून घरातल्या बहुतेकांनी नोव्हेंबरच्या बाजूने कौल दिला. जानेवारीतले ते चार गुण योग्य होते की नव्हते, हे दाव पुन्हा पुन्हा संथ गतीने पाहूनही आम्हांला ठरवता आले नाही. आम्हांला एवढेच दिसले की पोरे दाव पाहण्याआधीच कोणाची बाजू घ्यायची ते ठरवून बसली होती. ती सवय आम्हांला अनोळखी नव्हती.

सभागृहात आमचा दुसरा मुद्दा गादीचा होता. मातीवर खांदे टेकले की निकाल. गादीवर घड्याळ असते, गुण असतात, परक्या देशाचे पंच असतात. मातीत वाढून गादीवर पदक मिळवणारा मल्ल थोर, असे आम्ही मांडले. हा मुद्दा खरोखरच वजनदार होता आणि आजही आम्ही तो सोडणार नाही. त्यावर तो वर्गबंधू काही उत्तर जुळवत होता. ओठ हलत होते. त्याला वेळ मिळू नये म्हणून आमच्यातल्या एकाने उभे राहून म्हटले, "अध्यक्ष महाराज, आमचे मित्र ही बाजू का घेतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. मल्लाचं आडनाव बघा, आणि आमच्या मित्राचं बघा."

सभागृह हसले. आम्हीही हसलो. कोण बोलले, हे या लेखात सांगायचे नाही असे आमचे ठरले आहे, कारण वाक्य एकाचे असले तरी आदल्या रात्री कंदिलाशेजारी ते चौघांनी मिळून राखून ठेवले होते. ज्यांच्या आडनावांवरून गावोगाव पाणवठे बंद झाले, त्यांच्या मुलांनी, पंचशील म्हणून सुरू झालेल्या सभेत, दुसऱ्याच्या आडनावावर हशा मिळवला. त्या वयात आम्हांला हे सुचले नाही, असे लिहिण्याचा मोह होतो. पण ते खरे नाही. हसता हसताच ते आमच्या लक्षात आले होते. थांबणे मात्र जमले नाही.

तो उठला नाही. उत्तराची त्याची पाळी रिकामीच गेली.

गुरुजींनी निकाल वाचला. गुणांनी आमची बाजू सरस ठरली होती. कागदाची घडी घालून ते म्हणाले, "घटना सांगितल्यात, त्यांचे गुण दिले. शेवटी घटना सोडून माणसाचा हेतू सांगितलात. तो तुम्ही पाहिला होता काय? जे पाहिले नाही ते पाहिल्यासारखे बोलणे म्हणजे काय, ते सकाळच्या वंदनेत रोज म्हणता. ढाल कपाटात राहील." ती पितळी ढाल वर्षभर कार्यालयाच्या कपाटात राहिली. आम्ही जाता-येता काचेतून तिच्याकडे पाहत असू. पुढच्या वर्षी ती निबंधस्पर्धेत कोणा आठवीतल्या मुलीला मिळाली.

वर्गबंधूने आमच्याशी बोलणे टाकले नाही. त्याने त्या विषयावर बोलणे टाकले. आम्ही अकरावी होऊन पांगलो. कोणी बँकेत, कोणी एस.टी.त, तो बांधकाम खात्यात लागला. स्नेहमेळावे सुरू झाले तेव्हा वाद पुन्हा निघू लागला, पण आता आम्ही चौघेच दोन्ही बाजू वाटून घेत असू. तो ऐकत राही. 2000 साली दादूंचे चिरंजीव विनोद चौगुले महाराष्ट्र केसरी झाले, तेव्हा आमच्या बाजूने आणखी एक पुरावा मिळाल्यासारखे आम्ही त्याला फोन केले. 2018 साली दादूंना ध्यानचंद पुरस्कार मिळाला, तेव्हाही. लक्ष्मण वडारांच्या नावाने फोन करावा असे निमित्त आम्ही कधी शोधले नाही.

20 ऑक्टोबर 2019 रोजी दादू चौगुले गेले. त्यानंतरच्या मेळाव्यात आदरांजलीचे दोन शब्द कोणी बोलावे, असा प्रश्न निघाला आणि सगळ्यांच्या आधी तोच उठला. दादूंची कारकीर्द त्याने सालवार सांगितली. पुणे, अलिबाग, क्राइस्टचर्च, एकही साल चुकले नाही. आमची कात्रणांची वही त्याला आमच्यापेक्षा अधिक पाठ होती. शेवटी तो म्हणाला, "त्या दिवशी मला एवढंच सांगायचं हुतं, की बहात्तरची कुस्ती मी बघितलीया. बाच्या खांद्यावर बसून."

पंचेचाळीस वर्षांत हे आम्ही प्रथमच ऐकत होतो. त्या सभागृहात मल्लाला प्रत्यक्ष पाहिलेला तो एकटाच होता आणि आम्ही वर्तमानपत्रे घेऊन त्याच्याशी भांडलो होतो. आम्ही खुर्च्या ओढून त्याच्याभोवती बसलो. कुस्ती कशी झाली, कोणता दाव लागला, किती वेळ चालली, असे सगळे एकदम विचारू लागलो. निलंगेकरही पुढे सरकला.

तो हसला. म्हणाला, "कुस्ती कुठली दिसतीया? लक्ष्मण जिंकला म्हणताच बा उड्या मारायला लागला. मी त्याचं डोस्कं घट्ट धरून बसलो हुतो, पडीन म्हणून."