भिंतीपाशी चाललेली समीक्षा

चित्रकार, वर्ष, माध्यम, शैली. कलेतिहासात एम.ए. करताना हा क्रम अंगवळणी पडला होता. पीएच.डी.ला वारली चित्रं घेतली आणि डहाणूकडच्या एका लग्नघरात पहिल्याच दुपारी माझी पंचाईत झाली.

कारवीचा कूड, त्यावर शेणमाती, वर गेरू. वाडग्यात कालवलेलं तांदळाचं पीठ, हातात बांबूची काडी. सवाष्णी लग्नाचा चौक लिहीत होत्या. मधोमध पालघाट देवी, शेजारी घोड्यावरचा पाचशिऱ्या देव. चौकाशिवाय लग्न लागत नाही. पण चित्रकार कोण म्हणायचं? तिघीचौघींचे हात एकाच चौकटीवर. वर्ष टाकावं, तर पुढच्या सारवणात चित्रच जाणार.

मी वाचलेला इतिहास जिव्या सोमा मशे यांच्यापासून सुरू व्हायचा. 1970 च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी कागद आणला, गंजाडच्या मशेंनी लग्नाचं निमित्त सोडून चित्रं काढली. 1989 मध्ये ती पॅरिसच्या ‘मॅजिसियँ द ला तेर’ प्रदर्शनात होती, 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. मशेंनी रंगवलेलं मासेमारीचं जाळं एकदा पाहावंच. रेघ कुठे थकत नाही. पण कागदाबरोबर सही आली, पुरुष आले, आणि भिंतीवरच्या बायका पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात ‘परंपरा’ होऊन बसल्या. मला याचा राग येतो. प्रबंधात तो कुठे घालायचा, कळत नाही.

वारली कलेची समीक्षा म्हणून मी शहरातल्या लोकांचे लेख जमवत होते. इथे लग्नघरात एका म्हातारीने नुसतं चौकाकडे पाहिलं, ओल्या बोटाने त्यात काढलेली शिडी पुसली आणि सुनेला ती पुन्हा, जरा सुटी लिहायला लावली. चौकातली फणी कुठे, म्हणून दुसरीने हटकलं. लग्नाची गाणी म्हणणारी धवलेरी मधेच थांबून देवीच्या हातांवरून दोन शब्द सुनावून गेली. मी वहीत भराभरा उतरवत होते, निम्मं निसटलं.

मार्गदर्शक मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, “छान. पण हे एका घरापुरतं की त्याला नियम आहे?”

म्हणून शेजारच्या पाड्यावर गेले. तिथल्या धवलेरीने मोबाइलवर त्या चौकाचा फोटो बघितला, दोन बोटांनी मोठा केला आणि नाक मुरडलं. फणी तिच्या मते चुकीच्या बाजूला होती. मतभेद मिळाला, आता प्रकरण लिहायला घेतलंय.