म्हैसूरची फटफटी

म्हैसूरला निघालेल्या प्रवाशास तेथे काय पाहावे हे सांगण्याची आता आवश्यकता उरलेली नाही. राजवाडा, चामुंडीची टेकडी, देवराज मार्केटातील फुलांचे ढीग आणि वृंदावन उद्यानातील कारंजी यांविषयी आपण वाचले असेल, ऐकले असेल. कदाचित पाहूनही आला असाल. परंतु एखादी सकाळ आपल्या हाताशी शिल्लक असेल, तर रेल्वे स्टेशनापासून फार दूर नसलेल्या यादवगिरी भागात अवश्य जावे. आर. के. नारायण यांचे घर याच भागात आहे व ते आता पाहता येते. म्हैसूरचे आकाशवाणी केंद्रही येथेच आहे. ‘आकाशवाणी’ हे नाव मुळात याच शहरातील, प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली स्वतःच्या घरी सुरू केलेल्या नभोवाणी केंद्राचे! पण मी तेथे गेलो तो यांपैकी कशासाठीही नव्हे. मी गेलो एका फटफटीसाठी.

इराणी कुटुंबाच्या ‘आयडियल जावा’ कंपनीचा कारखाना यादवगिरीत होता. चेकोस्लोव्हाकियातील ‘जावा’ कंपनीच्या परवान्याने तेथे १९६१ पासून मोटारसायकली तयार होऊ लागल्या. यानेचेक आणि वान्डरर या दोन नावांची आद्याक्षरे जोडून मूळचे ‘जावा’ हे नाव बनले आहे. त्याच नावाच्या बेटाशी त्याचा काही संबंध नाही. १९७३ पासून गाडीचे नाव ‘येझदी’ झाले आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. तेथे घडलेले कारागीर मात्र शहरातच राहिले. गल्लीबोळांतील लहानशा गॅरेजांत त्यांपैकी काही जण आजही आपल्याला भेटतील. अशाच एका मेस्त्रींकडे मी दोन रजा घालविल्या.

माझी गाडी १९६५ ची आहे. म्हैसूरमधील एका घराच्या पडवीत ती पोत्यांखाली पडून होती. इंजिन २५० सी.सी.चे, दोन टप्प्यांचे. सिलिंडर एकच, पण धुराच्या नळ्या दोन. किक मारण्याचा दांडा आणि गिअर बदलण्याचा दांडा एकच आहे, हे प्रथम पाहणाऱ्यास चमत्कारिक वाटते. गाडी सुरू झाली की तो दांडा पुढे वळवावयाचा, आणि तोच गिअरचा होतो. शिवाय गिअर टाकताना त्याच दांड्याच्या दाबाने क्लचही आपोआप सुटतो. किल्ली खिळ्यासारखी असून ती दिव्याच्या डोक्यात वरून खोचावयाची. अशी गाडी माझ्यासारख्या, जन्मभर शब्दकोशापलीकडे कोणतेही अवजार न हाताळलेल्या माणसाने का घ्यावी, असे घरी विचारले गेले. त्याचे समाधानकारक उत्तर मला आजही देता आलेले नाही.

माझी कल्पना फार मोठी होती. मागील सांगाडा कापून आखूड करावयाचा, बैठक खाली आणावयाची, मडगार्ड जवळजवळ काढूनच टाकावयाचे. मी कागदावर चित्रही काढून नेले होते. मेस्त्रींनी ते पुष्कळ वेळ पाहिले, नीट घडी करून परत दिले आणि विचारले, “सार्, कापलेला सांगाडा पुन्हा कोठून आणणार?” हा प्रश्न मला तेव्हा हटवादी वाटला. पुढे कायदा वाचला, तेव्हा त्यांना अनुकूल असे आणखी एक कारण सापडले. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वये, नोंदणी पुस्तकातील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली हे पुन्हा स्पष्ट केले आहे. २०२१ साली पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम झाले. त्यांतही सांगाडा व इंजिन मूळ स्वरूपात असावे अशी अट आहे. आपल्यापैकी कोणाच्या मनात असे काही असेल, तर करवत उचलण्यापूर्वी हे वाचून घ्यावे.

अखेर तडजोड झाली. जे बोल्ट सोडून पूर्ववत करता येईल तेवढेच बदलावयाचे. रुंद व बुटका हँडल, एकट्याची चामडी बैठक, आणि सहा व्होल्टच्या मंद दिव्याऐवजी बारा व्होल्टची व्यवस्था. रंग मूळचाच, तांबूस. काढलेला प्रत्येक भाग एका लाकडी पेटीत ठेवला गेला.

मेस्त्रींची हिंदी आणि माझी कानडी सारख्याच दुबळ्या होत्या. ते सारखे म्हणत, “अवसर बेड, सार्. निधान, निधान.” अनुवादकाच्या कानाला हे मोठे गूढ वाटे. आपल्याकडे अवसर म्हणजे संधी आणि निधान म्हणजे ठेवा. ‘संधी नको, ठेवा, ठेवा’ असे हे गृहस्थ काय सांगत आहेत? तिसऱ्या दिवशी शेजारच्या विद्यार्थ्याने उलगडा केला. कानडीत अवसर म्हणजे घाई आणि निधान म्हणजे सावकाश. परंतु तोवर जे व्हावयाचे ते होऊन गेले होते.

झाले ते असे. दोन टप्प्यांच्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतीला खिडक्या असतात. त्यांतून इंधनमिश्रित हवा आत येते व धूर बाहेर जातो. पिस्टनवरील रिंगेचे तोंड फिरत फिरत त्या खिडकीसमोर आले, तर ते अडकून मोडेल. म्हणून पिस्टनच्या खाचेत एक बारीक खुंटी बसविलेली असते आणि रिंगेची दोन टोके तिच्या दोन्ही अंगांना बसवावी लागतात. मेस्त्री चहाला गेले असताना मी उत्साहाने सिलिंडर वरून उतरवू लागलो. रिंग खुंटीवर चढली होती. सिलिंडर उतरेना, म्हणून मी तळहाताने थोडा जोर दिला. काडी मोडावी तसा आवाज झाला.

मेस्त्री परत आले. ते रागावले नाहीत. रागावते तर बरे झाले असते. त्यांनी तुकडे वेचून माझ्या हातात ठेवले, पिस्टनला ओरखडा पडलेला नाही हे पाहिले, आणि त्या मापाची नवीन रिंग मिळण्यास माझी पहिली रजा संपली.

दुसऱ्या रजेत सर्व जुळणी मी केली आणि त्यांनी केवळ पाहिले. सातव्या की आठव्या किकेस इंजिन बोलू लागले, पण एका गतीला ठरेना. या इंजिनात इंधन प्रथम खालच्या पेटीत येते. त्या पेटीच्या सांध्यातून हवा शिरली की मिश्रण पातळ पडते. सांधा पुन्हा उघडला, नवा कागद कापला, पुन्हा जोडला. नव्या रिंगा रुळेपर्यंत तेल अधिक हवे, म्हणून दर लिटर पेट्रोलमागे पन्नास मिलिलिटर घातले.

पहाटे चामुंडीच्या घाटात गाडी नेली. पहिली दोन वळणे तिने उत्तम घेतली. नंदीच्या अलीकडे मात्र ती एकाएकी थांबली. मी घाम पुसत प्लग काढला, पुसला, पुन्हा बसविला. दूध घेऊन चाललेला एक मुलगा सायकलवरून उतरला, क्षणभर वाकून पाहिले आणि पेट्रोलची तोटी उघडून चालता झाला.

परतताना गाडी रेल्वेच्या पार्सलने पाठविली. त्यापूर्वी टाकी पूर्ण रिकामी करावी लागते; नोंदणी पुस्तकाची प्रत लागते. राज्य बदलणार असेल तर नाहरकत प्रमाणपत्रासाठी आधीच अर्ज करून ठेवावा. टाकीतील पेट्रोल मेस्त्रींनी बाटलीत काढून घेतले. जुन्या भागांची लाकडी पेटी मी डब्यात माझ्या पायांशी ठेवली होती.