डावं-उजवं

मैत्रिणींनो, मूल डाव्या हातानं जेवू लागलं की आपल्याकडे केवढी धांदल उडते! प्रसाद उजव्या हातानं घ्यायचा, पैसे उजव्या हातानं द्यायचे. डावा हात म्हणजे कमी प्रतीचा, हे आपण बोलून न दाखवताही मुलाला शिकवत असतो.

इथे लोधिवलीला मी अर्धवेळ शिकवते. वर्गात एक डावखुरा मुलगा आहे. भातकापणी झाली की रिकाम्या शेतात क्रिकेट रंगतं आणि हा आपल्याकडे यावा म्हणून दोन्ही बाजूंची भांडणं होतात. त्याचा चेंडू उजव्या फलंदाजापासून बाहेर वळतो, पोरं फसतात. त्याच्या आईला मात्र घोर लागलाय, ही सवय मोडायची कशी? मी तिला पालवणकर बाळूंची हकिकत सांगितली. तुम्हीही ऐका.

बाळूंचा जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. घराणं चर्मकार समाजातलं. पुण्यात एका पारशी क्लबात ते खेळपट्टी झाडत, रूळ फिरवत. महिना तीन रुपये! पुढे इंग्रजांच्या पूना क्लबात चार रुपये मिळू लागले. तिथे साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. कॅप्टन ग्रेग नावाचा गोरा फलंदाज तासन्‌तास सराव करी आणि आपल्याला बाद केलं की बाळूंना आठ आणे देई, असं सांगतात. हिशेब करा, आठदा बाद केलं की महिन्याचा पगार! पण बाळूंच्या हाती बॅट काही कोणी दिली नाही.

त्यांच्या गोलंदाजीचा बोलबाला झाला, तशी पुण्याच्या हिंदू क्लबाला त्यांची गरज भासली. काहींनी नाकं मुरडली, पण इंग्रजांना हरवायचं तर हा माणूस हवाच. मैदानात चेंडू एकच. बाळूंनी हाताळलेला चेंडू झेलायला कोणाची हरकत नव्हती! चहाच्या वेळी मात्र त्यांनी बाहेर थांबायचं आणि मातीच्या भांड्यात चहा प्यायचा. जेवायलाही त्यांचं पान वेगळं.

प्लेगच्या सुमारास ते मुंबईला आले. १९०६ मध्ये हिंदू संघानं युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात बाळूंचा मोठा वाटा. १९११ साली भारतीय संघ विलायतेला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण एकट्या बाळूंनी तिथे ११४ बळी घेतले. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांचे १७९ बळी आहेत, एका बळीमागे जेमतेम पंधरा धावा.

एवढं असूनही हिंदू संघाचं कप्तानपद त्यांना कधीच मिळालं नाही. १९२० साली त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांनाही डावललं, तेव्हा भावंडांनी खेळायलाच नकार दिला. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल कप्तान झाले आणि संघ जिंकला. बाळू पुढे राजकारणात उतरले. १९३७ च्या निवडणुकीत ते डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध उभे राहिले आणि हरले. १९५५ मध्ये ते वारले.

‘डावलणं’, ‘डावं-उजवं करणं’, आपली भाषाच बघा ना! एकाला हात डावा म्हणून मागे सारायचं, दुसऱ्याला जात पाहून.

आणि हे सगळं जुनं झालं म्हणून सुस्कारा टाकू नका हं. धुणं-भांडी करणाऱ्या बाईंचा कान तुटलेला कप अजून कितीतरी घरांत खिडकीत वेगळा ठेवलेला असतो. आपली भांडी त्या लख्ख घासून देतात, ती आपल्याला चालतात; त्यांनी आपल्या कपातून चहा घेतलेला मात्र चालत नाही. त्यांनाही आपल्यातलाच कप द्या आणि चहाला घरात बसवा. मुलं बघत असतात. शाळेत मी शंभरदा सांगून जे त्यांना पटत नाही, ते तेवढ्यानं पटेल.