पट्टी की पाइप

कोकणातल्या आमच्या घराचे वायरिंग वडिलांनी १९७४ साली स्वतःच्या हाताने केले. सागवानी पट्टी, तिच्यावर पत्र्याच्या क्लिपांत आवळलेल्या दोन काळ्या वायरी आणि तुळईखाली लोंबणारा बेकेलाइटचा होल्डर. वडील गेल्यावरही येणाऱ्याजाणाऱ्याला ती सरळ रेघ दाखवण्याचा परिपाठ आईने सोडला नव्हता.

गेल्या जूनमध्ये बटण बंद करून आई बल्ब बदलायला स्टुलावर चढली. एक हात ओल्या भिंतीला होता. झटका बसला, ती पडली, मनगटावर निभावले.

वायरमनने टेस्टर लावला, तर बटण बंद असतानाही होल्डर जिवंत. बटण फेजवर हवे, ते न्यूट्रलवर बसवलेले. दिवा जायचा, वीज तिथेच थांबून असायची. आई बटणाच्या दिव्यालाही 'मालव' म्हणते. 'बंद' हा शब्द आमच्या घरात कधी रुजला नाही, आणि पन्नास वर्षे तो खराही नव्हता.

मग नवे काय करायचे? धाकट्या भावाला सारे भिंतीत लपलेले हवे होते. पण तशा पाइपांची जागा स्लॅब ओततानाच ठरते. आमच्याकडे स्लॅब कुठला, वर फळ्यांचा माळा आणि कौले. जांभ्याच्या भिंतींना झिरी मारली असती तर जुना गिलावा पत्र्यासारखा सुटून आला असता. पट्टी ठेवून फक्त वायर बदलावी, हा माझा आग्रह. तो भाबडा होता हे आता कबूल करतो. उघड्या वायरीला माळ्यावरचे उंदीर सोडत नाहीत. वायरमनने तुळईच्या कडेने, वरच्या वर पीव्हीसी पाइप सुचवला. उंदरांपासून आडोसा, आणि उद्या वायर खराब झाली तर ओढून दुसरी घालता येते. दिव्यांसाठी दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंगची. मीटरपाशी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. बटण अर्थातच फेजवर.

पट्टी उतरवली तेव्हा मागे वडिलांच्या पेन्सिलीच्या खुणा निघाल्या, दर वितीवर एक.

आई बराच वेळ त्या पाहत होती. म्हणाली, "अरे, ह्यांची चूक होती का?"

"दोन्ही वायरी काळ्याच होत्या, आई."

तिने पट्टी पुसून माळ्यावर ठेवायला सांगितली.